ग्रुपची किल्ली कोणाकडे? कामाच्या जागी विकेंद्रित संवाद उभा करताना

शुक्रवारी रात्री पावणेदहाला ग्रुपवर संदेश पडला : ‘सोमवारपासून केंद्रांच्या वेळा बदलल्या आहेत. सर्वांनी नोंद घ्यावी.’ ग्रुपवर संदेश फक्त अ‍ॅडमिनच पाठवू शकत होते. बाकीच्या ३८ जणांपैकी बहुतेकांनी अंगठा दाखवला, दोघा-तिघांनी हात जोडले. सोमवारी टपरीवर जे बोलणं झालं ते मात्र अंगठ्याचं नव्हतं. नव्या वेळेला पहिली एसटी पोचतच नाही, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त वेळ ठरवणाऱ्याला.

मुलांची केंद्रं चालवणाऱ्या त्या संस्थेत मी हिशेब सांभाळायचो. ‘तुला कॉम्प्युटरमधलं कळतं ना’ म्हणून पुढे सर्व्हरही (संदेश साठवून पोचवणारं यंत्र) माझ्या गळ्यात पडला. नंतरच्या दोन वर्षांत आम्ही आपसातल्या संवादाची सगळी मांडणी बदलली. काही जमलं, काही चांगलंच फसलं. पंधरा ते शंभर माणसांची सहकारी संस्था, पतसंस्था, स्वयंसेवी संस्था, छोटी सॉफ्टवेअर कंपनी किंवा कामगार संघटना असेल, तर त्यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

‘विकेंद्रित संवाद’ या शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात. एक तांत्रिक. ईमेलचं उदाहरण घ्या. तुमचं खातं एका कंपनीकडे, माझं दुसरीकडे, तरी पत्र पोचतं, कारण सगळ्यांच्या वर बसलेला एकच मालक नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं तसं नाही, तिथे सगळे एकाच कंपनीच्या वाड्यात भाडेकरू. दुसरी गोष्ट संघटनेची : ज्या कामाचा त्रास किंवा फायदा ज्यांना होतो, त्यांच्यातच त्याची चर्चा व्हावी आणि निर्णयही व्हावा. पहिली गोष्ट आणली की दुसरी आपोआप येते, असं तंत्रज्ञ मंडळींना मनापासून वाटतं. येत नाही. उलट अ‍ॅप नसतानाही दुसरी साधते. १९५९ मध्ये गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला, तेव्हा घरात फोन असणं हीच चैन होती. तिथे सभासद म्हणजे ‘बहीण’, आणि शाखेचा नफा-तोटा त्या शाखेतल्या बहिणींचा. पीठ कमी का पडलं याची चर्चा जिथे पापड लाटले जातात तिथेच होते, कारण झळही तिथेच बसते.

म्हणून सर्व्हर खाली तिसऱ्या पायरीवर आहे. घाई झाली असेल तरी पहिल्या दोन पायऱ्या गाळू नका.

पहिली पायरी : शेवटचे पाच निर्णय

एक कागद घ्या आणि संस्थेत झालेले शेवटचे पाच निर्णय लिहा. मोठेच हवेत असं नाही. रजेचा नियम, नवा प्रिंटर, वेळापत्रक, कोणाची बदली, दिवाळीची उचल असं काहीही चालेल. प्रत्येकासमोर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. ही गोष्ट पहिल्यांदा कोणाच्या तोंडून निघाली? ठरली कुठे : बैठकीत, गाडीत, फोनवर? ज्यांच्यावर परिणाम झाला त्यांना कधी कळलं, ठरण्याआधी की नंतर? आणि चूक दिसली तर ती सांगायची जागा कोणती होती?

हे एकट्याने भरू नका. संचालकाने भरलेला कागद आणि केंद्रावरच्या मदतनीस ताईंनी भरलेला कागद एकमेकांना ओळखही देत नाहीत. आम्ही सहा जणांकडून भरून घेतला. पाचपैकी चार निर्णय एकाच गाडीत झाले होते. दर मंगळवारी मुख्य कार्यालयातून केंद्रांकडे जाणारी ती गाडी, आणि तिच्यात जागा चारच. कोणाचा कट वगैरे काही नव्हता. तीन तासांचा रस्ता असला की माणसं बोलतात, आणि बोलता बोलता ठरवून टाकतात.

त्याच कागदावर एक ओळ आणखी टाका : कोणाकडे स्मार्टफोन नाही, कोणाचा फोन घरात तिघांत मिळून आहे, कोणाची पाळी रात्रीची. पुढे साधन निवडताना ही ओळच कामाला येते.

दुसरी पायरी : कोणतं बोलणं कुठे

सगळ्यांनी सगळ्यावर बोलायचं, ही लोकशाहीची सर्वांत दमवणारी समजूत आहे. चाळीस जणांच्या ग्रुपवर प्रिंटरच्या शाईवर मत मागितलं, तर आठवड्याभरात माणसं ग्रुप म्यूट करतात. मग खरा प्रश्न येतो तेव्हा ऐकायला कोणीच नसतं.

कामाप्रमाणे छोटी वर्तुळं करा. किती छोटी? नेदरलँड्समध्ये २००६ साली सुरू झालेली ब्यूर्टझोर्ख ही घरी जाऊन शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांची संस्था एका गटात जास्तीत जास्त बारा जणी ठेवते. कोणत्या रुग्णाकडे कोण जाईल, सुट्ट्या कशा वाटायच्या, नवी सहकारी कोण घ्यायची, हे त्या गटातच ठरतं. वर व्यवस्थापकांची उतरंड नाही. आमचाही अनुभव तोच. पाच ते दहा माणसं असली की गप्प बसणारा लक्षात येतो. पंधराच्या वर गेलं की कोण गप्प आहे हे दिसेनासं होतं.

वर्तुळं झाली की ती आपापल्या बेटावर जाऊन बसतात. त्यावर एक जुना उपाय आहे. खेरार्ड एंडेनबर्ग या डच अभियंत्याने आपल्या विद्युत कंपनीत १९७० च्या दशकात तो घडवला : दोन वर्तुळांमध्ये एक नव्हे, दोन माणसं दुवा म्हणून ठेवायची. एक वरून नेमलेली, दुसरी खालच्या वर्तुळाने निवडलेली. वरून नेमलेला निरोप खाली आणतो. खालून निवडलेली व्यक्ती वरच्या बैठकीत पूर्ण हक्काने बसते. एकच दुवा असला तर निरोप हमखास एकाच दिशेने वाहतो, आणि ती दिशा कोणती हे सांगायला नको.

मग प्रत्येक वर्तुळाचा अधिकार एका वाक्यात लिहा. ‘केंद्राच्या वेळा केंद्राचं वर्तुळ ठरवेल; पगारावर परिणाम होणार असेल तरच वरच्या समन्वय वर्तुळाकडे येईल.’ ‘५,००० रुपयांपर्यंतची खरेदी वर्तुळ स्वतः करेल.’ एवढं पुरे. अशी दहा-बारा वाक्यं झाली की अर्धं काम झालं. ती लिहिताना जी भांडणं होतील ती होऊ द्या. आमच्याकडे खरेदीच्या आकड्यावर तीन बैठका गेल्या.

तिसरी पायरी : साधन निवडणं

तीन वाटा आहेत.

पहिली वाट, व्हॉट्सअ‍ॅपवरच राहायचं. याला कमी लेखू नका. वर्तुळं लहान असतील, प्रत्येक ग्रुपला दोन-तीन अ‍ॅडमिन असतील आणि ‘फक्त अ‍ॅडमिन’ हे बंधन काढलं असेल, तर पहिले सहा महिने यावरच काढावेत असं माझं मत आहे. अडचण पुढे येते. नोकरी सोडणाऱ्याच्या फोनबरोबर संस्थेची कागदपत्रं जातात, नव्याने आलेल्याला जुनं बोलणं आपोआप दिसत नाही, आणि घरचा-कामाचा फोन एकच असल्याने रात्री अकरालाही साहेबांचा निरोप उशाशी वाजतो.

दुसरी वाट एक्सएमपीपीची. १९९९ मध्ये जॅबर नावाने सुरू झालेली ही खुली पद्धत ईमेलसारखीच चालते : प्रत्येकाचा सर्व्हर आपला, तरी एकमेकांशी बोलता येतं. प्रॉसडी नावाचा सर्व्हर अगदी लहान यंत्रावरही तग धरतो. अँड्रॉइडवर कन्व्हर्सेशन्स आणि आयफोनवर मोनल ही अ‍ॅप चालतात. सर्व्हर सांभाळायला कोणी नसेल तर भारतातल्या मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी याच पद्धतीवर उभी केलेली ‘प्राव’ ही सेवा बघा. मल्याळीत प्राव म्हणजे कबूतर. वापरणाऱ्यांच्याच सहकारी संस्थेने ही सेवा चालवावी, असा त्यांचा प्रयत्न आहे. सहकार अंगात मुरलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये.

तिसरी वाट मॅट्रिक्स. हीही तशीच, आपापल्या सर्व्हरची खुली पद्धत, २०१४ पासूनची. खोल्या (म्हणजे ग्रुप), फाइली, जुनं बोलणं शोधणं, हे सगळं तिच्यात जास्त सोयीचं. फ्रान्सच्या सरकारी कर्मचाऱ्यांचं ‘चाप’ हे मेसेंजर आणि जर्मन सैन्याचं मेसेंजर याच पायावर उभं आहे. भारतात मात्र एक गोष्ट आधी माहीत हवी. मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुरक्षेचं कारण देऊन १४ मेसेजिंग अ‍ॅप रोखली. त्यांच्यात मॅट्रिक्सचं सर्वांत परिचित अ‍ॅप ‘एलिमेंट’ होतं. यादी अ‍ॅपच्या नावांची होती. मॅट्रिक्सवर चालणारी फ्लफीचॅटसारखी इतर अ‍ॅप वेगळी आहेत. तरी ज्या दिवशी ठरवाल त्या दिवशीची परिस्थिती तपासा आणि संचालक मंडळाच्या ठरावात त्याची नोंद ठेवा. संस्थेने लपूनछपून काही करू नये.

माझा कौल असा : पंचवीसपर्यंत माणसं असतील आणि मुख्य गरज बोलण्याची असेल तर एक्सएमपीपी. अनेक वर्तुळं, कागदपत्रं आणि दुसऱ्या संस्थांबरोबर सामायिक खोल्या हव्या असतील तर मॅट्रिक्स. आम्ही मॅट्रिक्स घेतलं, म्हणून पुढचा तपशील त्याचा.

चौथी पायरी : सर्व्हर, म्हणजे खरं तर किल्ल्या

सर्व्हर उभा करण्याच्या सूचना इंटरनेटवर भरपूर मिळतात. एक भाड्याचं यंत्र, त्यावर सिनॅप्स हे मॅट्रिक्सचं सर्व्हर-सॉफ्टवेअर, पोस्टग्रेसचा डेटाबेस, जोडणी सुरक्षित करणारं लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र. जाणकाराचं एका शनिवार-रविवारचं काम. आम्हाला महिन्याला आठशे रुपयांच्या आसपास पडायचं. इथे मी फक्त तेवढंच लिहितो जे त्या सूचनांमध्ये नसतं : कोणती किल्ली कोणाच्या हाती.

डोमेन, म्हणजे सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता, संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्या ईमेलवर घ्या. मी ते घाईत माझ्या कार्डावर, माझ्या ईमेलवर घेतलं होतं. दीड वर्षाने एका सभेत कोणीतरी हसत म्हणालं, ‘उद्या तुम्ही रागावलात तर आमची तोंडं बंद!’ ते हसत म्हटलेलं असलं तरी अगदी खरं होतं. मॅट्रिक्समध्ये प्रत्येकाच्या ओळखीत सर्व्हरचं नाव गुंफलेलं असतं आणि एकदा लावलेलं नाव नंतर बदलता येत नाही. डोमेन गेलं तर सगळ्यांची ओळख गेली.

नोंदणी खुली ठेवू नका, प्रत्येक नव्या माणसाला एकदाच चालणारा परवलीचा शब्द द्या. बाहेरच्या सर्व्हरशी बोलणं सुरुवातीला मोजक्या ओळखीच्या संस्थांपुरतंच उघडा.

मग खोल्यांमधले अधिकार. मॅट्रिक्समध्ये प्रत्येकाला आकड्यात पातळी असते : सामान्य सभासद ०, नियामक (खोलीतल्या बोलण्यावर लक्ष ठेवणारा) ५०, अ‍ॅडमिन १००. १०० वाला दुसऱ्या १०० वाल्याला खाली खेचू शकत नाही. स्वतःहून खाली उतरलेल्याला पुन्हा स्वतःहून वर येता येत नाही. म्हणजे पद सोडणं फक्त स्वेच्छेने! आमच्या अनेक संस्थांच्या अध्यक्षांना ही रचना फार आवडली असती. म्हणून १०० ची पातळी कोणाही व्यक्तीला कायमची देऊ नका. फिरत्या नियामकांना ५० द्या आणि १०० वर संस्थेचं एक स्वतंत्र खातं ठेवा. २०२५ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीच्या खोल्यांमध्ये तर खोली तयार करणारा सगळ्यांच्याच वर असतो आणि त्याला उतरवताच येत नाही. तेव्हा नवी खोली नेहमी त्या संस्थेच्या खात्यातूनच उघडा. आपला उत्साही मित्र ‘थांब, मीच करतो पटकन’ म्हणाला तर त्याचा हात धरा.

त्या खात्याचा पासवर्ड दोघांनी अर्धा-अर्धा लिहून दोन पाकिटांत ठेवायचा. एक पाकीट कार्यालयाच्या तिजोरीत, दुसरं कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या प्रतिनिधीकडे. बँकेच्या लॉकरची रीत आहे ही, आणि लोकांना ती लगेच कळते.

कूटबद्धता, म्हणजे सर्व्हरवाल्यालाही वाचता येऊ नये अशी कुलुपबंदी, खोलीत एकदा चालू केली की बंद करता येत नाही. ती सगळीकडे चालू करण्याचा मोह होतो. आम्ही केली आणि पस्तावलो. माणसं फोन बदलतात, पुनःप्राप्तीची (जुने संदेश पुन्हा उघडायची) किल्ली लिहून ठेवत नाहीत, आणि मग तीन महिन्यांची चर्चा ‘हा संदेश उघडता येत नाही’ अशी दिसते. निर्णयाच्या खोल्या साध्या ठेवा. तिथलं सगळ्यांना वाचता यावं हाच तर हेतू. वैयक्तिक बोलणं आणि कर्मचारी प्रतिनिधींची खोली कुलुपात ठेवा. कोणत्या खोलीत सर्व्हर सांभाळणारा वाचू शकतो आणि कोणत्या नाही, हे खोलीच्या वर्णनातच मराठीत लिहा.

रोजची प्रत (बॅकअप) : डेटाबेस, फाइलींचा फोल्डर, रचनेची फाइल आणि सर्व्हरची सहीची किल्ली, या चारही गोष्टी. आणि वर्षातून एकदा ती प्रत दुसऱ्या यंत्रावर उभी करून बघा. करून न बघितलेली प्रत म्हणजे प्रत आहे असा नुसता समज.

जाता जाता एक क्षुल्लक वाटणारी गोष्ट. स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला मागचं अ‍ॅप झोपवतात आणि सूचना येत नाहीत. लोक म्हणतात, ‘हे अ‍ॅप बेकार आहे.’ प्रत्येकाचा फोन हातात घेऊन ते बंधन काढा. आमचा पहिला महिना यातच गेला.

पाचवी पायरी : बोलण्यापासून निर्णयापर्यंत

चॅट हे ओढ्यासारखं असतं. सकाळचं म्हणणं दुपारी वाहून गेलेलं. निर्णयासाठी प्रत्येक वर्तुळात वेगळी खोली ठेवा आणि तिथे फक्त ठरलेल्या साच्यात लिहा. केंद्राच्या वेळेचाच प्रश्न पुन्हा आला तेव्हा तो असा मांडला गेला :

प्रस्ताव : केंद्र ९ ऐवजी ९:४० ला उघडावं.
का : पहिली एसटी ९:२५ ला येते.
कोणावर परिणाम : केंद्रावरच्या ७ जणी, सकाळच्या तुकडीचे पालक.
मुदत : गुरुवार संध्याकाळी ६.
पुन्हा बघू : दोन महिन्यांनी.

मुदत किमान ७२ तासांची, म्हणजे रात्रपाळीवाल्यांनाही एक मोकळा दिवस मिळतो. मुदतीत तीनच प्रकारची उत्तरं : चालेल, शंका आहे, हरकत आहे. हरकत घेणाऱ्याने कारण द्यायचं आणि ते ‘मला आवडत नाही’ असं नसावं. कामाचं नुकसान काय होईल ते सांगावं. हरकत आली की प्रस्ताव मांडणारा आणि हरकत घेणारा दोघांनी मिळून तो दुरुस्त करायचा. वेळेच्या प्रस्तावावर एका पालकाच्या वतीने हरकत आली : बाप कामावर साडेनऊला निघतो, मूल सोडणार कोण? मग दोघींनी आळीपाळीने लवकर यायचं आणि त्या बदल्यात लवकर निघायचं असं ठरलं. मुख्य कार्यालयात बसून हे कोणाला सुचलं नसतं.

मौन म्हणजे संमती धरायची का? आम्ही आधी धरली आणि तीच मोठी चूक ठरली. गप्प बसलेल्यांपैकी निम्म्यांनी संदेश उघडलाच नव्हता. नंतर नियम केला की वर्तुळातल्या दोन-तृतीयांश लोकांनी काहीतरी उत्तर दिल्याशिवाय निर्णय होत नाही. कामं थोडी लांबली. पण परत फिरवावे लागणारे निर्णय जवळजवळ थांबले.

हा साचा सांभाळायला तयार साधन हवं असेल तर न्यूझीलंडच्या एका कामगार सहकारी संस्थेने बनवलेलं लूमिओ बघा. २०११ च्या वेलिंग्टनमधल्या ऑक्युपाय आंदोलनातल्या चौकसभांतून ते निघालं. मुक्त सॉफ्टवेअर आहे, स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येतं. मोठ्या संख्येला हे पेलतं का, अशी शंका असेल तर डेबियन ही मुक्त संगणक-प्रणाली बनवणाऱ्यांकडे बघा. जगभर विखुरलेले शेकडो सॉफ्टवेअर विकासक १९९८ पासून लिखित घटनेवर चालतात, प्रमुख दरवर्षी निवडतात आणि ठरावांची चर्चा व मतदान ईमेलवर करतात.

मात्र माणूस निवडायचा असेल तेव्हा चॅटवर मत घेऊ नका. सर्व्हर सांभाळणाऱ्याला काय दिसतं याची खात्री सामान्य सभासदाला देता येत नाही, आणि शंका असली की मत गुप्त राहत नाही. चिठ्ठी आणि पत्र्याचा डबा हे तंत्रज्ञान अजून कोणी मागे टाकलेलं नाही.

सहावी पायरी : जे टाइप करत नाहीत

लिहून बोलण्याच्या जागेत चांगलं लिहिणारा राजा होतो. आमच्या पहिल्या चार महिन्यांत निर्णयाच्या खोल्यांतले बहुतेक संदेश पाच जणांचे होते आणि ते पाचही पदवीधर. म्हणजे गाडीतली चार माणसं जाऊन पडद्यावरची पाच आली!

मग प्रत्येक वर्तुळात दर महिन्याला एक ‘लेखनिक’ ठेवला. कोणी आवाजी निरोप पाठवला की त्याने तो दोन ओळींत लिहायचा आणि बोलणाऱ्याला विचारायचं, ‘असंच म्हणायचं होतं ना?’ नवा प्रस्ताव आला की सकाळी कामाच्या आधी पाच मिनिटं तो मोठ्याने वाचायचा. फोन नसलेल्यांचं मत तिथल्या तिथे त्यांच्या नावाने नोंदवायचं. भाषाही ज्याची त्याची. केंद्रावर अहिराणी चालत असेल तर आवाजी निरोप अहिराणीतच असू दे.

न शिकलेल्या माणसांना हे झेपेल का, असं विचारणाऱ्यांनी पुण्यात कचरावेचकांची संघटना बघावी. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून उभी आहे. तिच्यातूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली आणि महापालिकेबरोबरच्या कराराने घरोघरचा कचरा गोळा करू लागली. सभासदांमध्ये शाळेची पायरी न चढलेल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. अडचण त्यांच्या समजेची नसते. आपण निवडलेल्या साधनाला त्यांची बोली ऐकू येत नाही, अडतं ते तिथे.

सातवी पायरी : नोंदवही

झालेला प्रत्येक निर्णय एका वहीत, क्रमांक घालून : काय ठरलं, कोणी मांडलं, हरकत कोणती होती, पुन्हा कधी बघायचं. महिन्याच्या शेवटी ती पानं छापून फलकावर. हो, कागदावर. सर्व्हर पडला तरी संस्था चालली पाहिजे.

सहकारी संस्था असाल तर एक मर्यादा लक्षात ठेवा. चॅटवरचा निर्णय म्हणजे सर्वसाधारण सभेचा ठराव नव्हे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे वार्षिक सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते आणि नोटिशीची रीत उपविधीत असते. वर्तुळांत शिजलेलं तिथे नेऊन रीतसर मंजूर करून घ्या. वर्षभर चर्चा झालेली असली की ती सभा चहा-सामोशांपुरती उरत नाही, असा माझा अनुभव आहे.

चॅटवर काय आणू नये

लैंगिक छळाची तक्रार कोणत्याही ग्रुपवर नको. २०१३ च्या कायद्याने दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असणं बंधनकारक आहे आणि तक्रारीतली ओळख उघड करायला मनाई आहे. कोणी चुकून खोलीत लिहिलंच तर नियामकाने संदेश झाकावा, त्या व्यक्तीला खासगीत गाठून समितीचा रस्ता दाखवावा, आणि खोलीत त्यावर एक अक्षरही चर्चा होऊ देऊ नये. आजारपण, कर्ज, घरचं भांडण यांचंही तसंच.

नियामक व्हायला लोक घाबरतात : ‘कोणी काही टाकलं तर पोलीस मला धरतील.’ मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपच्या अ‍ॅडमिनबद्दल सांगितलं आहे की समान हेतू किंवा आधी आखलेला बेत दिसत नसेल, तर सभासदाच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कोणाला दोषी धरता येत नाही. हे सांगितलं की आळीपाळीने जबाबदारी घ्यायला माणसं पुढे येतात.

रात्री आठ ते सकाळी आठ कामाचा निरोप नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. तो पहिल्यांदा कोण मोडतं याकडे सगळे डोळे लावून बसतात. आमच्याकडे अध्यक्षांनीच मोडला आणि एका शिपायाने खोलीत लिहिलं, ‘साहेब, आठ वाजून गेले.’ त्यानंतर खरं तर आणखी काही मोजायची गरज नव्हती.

मालकाची तयारी नसेल तर

वरचं सगळं गृहीत धरतं की वरच्यांना निदान करून बघायचं आहे. खासगी कारखान्यात किंवा कंपनीत तसं नसेल तर सुरुवात कायद्याने दिलेल्या जागांपासून करा. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी सरकारी आदेशाने कामगारांचे प्रतिनिधी मालकाच्या प्रतिनिधींपेक्षा कमी नसतील अशी कार्य समिती नेमता येते. ही तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. त्या संहितेत वीस किंवा अधिक कामगारांच्या ठिकाणी तक्रार निवारण समितीही सांगितली आहे. व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे मार्गदर्शक तत्त्व १९७६ च्या घटनादुरुस्तीने संविधानाच्या ४३-अ अनुच्छेदात आलं आहे. समिती कागदावरच असेल तर तिचे कामगार प्रतिनिधी आपलं वर्तुळ बनवू शकतात : प्रत्येक विभागातून एक, दर आठवड्याला एक खोली, तीच नोंदवही.

इथे एक नियम कडक पाळा. कंपनीचा सर्व्हर, कंपनीचा फोन, कंपनीचं वायफाय, यांतलं काहीही संघटनेच्या बोलण्यासाठी वापरू नका. यंत्र ज्याचं, नोंद त्याची. संघटनेने आपलं डोमेन आपल्या नावाने घ्यावं, आणि दोन-तीन कारखान्यांच्या संघटनांनी आपापले सर्व्हर एकमेकांशी जोडावेत. एकाचं तोंड बंद झालं तरी बाकीच्यांचं चालू राहतं. विकेंद्रित तंत्राचा खरा फायदा मला इथेच दिसतो. चाळीस माणसांच्या मनमोकळ्या संस्थेत तो त्यामानाने कमीच.

तीन महिन्यांनी

तीन महिने झाले की पहिल्या पायरीचा कागद पुन्हा काढा आणि नवे पाच निर्णय त्याच चार प्रश्नांवर तपासा. सोबत खोल्यांतून दोन आकडे काढा : एकूण संदेशांपैकी सर्वाधिक बोलणाऱ्या तिघांचे किती, आणि एकदाही न बोललेले किती जण. दुसरा आकडा घेऊन त्या माणसांना भेटा. भेटा म्हणजे समोर बसा, फॉर्म पाठवू नका.

आमच्या तपासणीत गाडी पुन्हा सापडली. निर्णय खोलीत येत होते, पण पिकून येत होते; मंगळवारच्या गाडीत ठरलेलं बुधवारी प्रस्ताव म्हणून पडायचं. गाडीत बोलू नका असं सांगून काही होत नाही. शेवटी गाडीतली एक जागा केंद्रांच्या निवडून आलेल्या दुव्यासाठी राखली, दर आठवड्याला वेगळ्या केंद्राची.

आणि तपासणीच्या त्याच दिवशी सर्व्हरची जबाबदारी दुसऱ्याकडे द्या, पहिला माणूस कितीही चांगला असला तरी. मी दिली तेव्हा एका केंद्रावरची संगणक शिकलेली मुलगी पुढे आली. दोन रविवार शेजारी बसून तिने प्रत उतरवून बघितली, डोमेन संस्थेच्या नावावर आल्याची खात्री केली, माझं खातं ० पातळीवर आल्याचं पडद्यावर दाखवून घेतलं, आणि मग तिजोरीतलं पाकीट फाडून नवं बंद केलं. त्यावर तारीख आणि दोन सह्या आहेत. त्यांत माझी नाही.